बोर्डन हत्याकांड : न्यायालय, बडबडगीत आणि कादंबरी

#थ्रेड

१/ ४ ऑगस्ट १८९२. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील फॉल रिव्हर हे कापडगिरण्यांचे शहर. तेथील सेकंड स्ट्रीटवरच्या घरात सधन व्यावसायिक अँड्र्यू बोर्डन आणि त्यांची दुसरी पत्नी अ‍ॅबी यांची भरदिवसा हत्या झाली. धाकटी मुलगी लिझी हिच्यावर खटला चालला, ती निर्दोष सुटली आणि त्यानंतर कोणावरही आरोप ठेवला गेला नाही. सारा श्मिट यांची ‘सी व्हॉट आय हॅव डन’ (२०१७) ही कादंबरी याच प्रकरणावर उभी आहे.

२/ या हत्याकांडावरचे एक बडबडगीत अमेरिकेत पिढ्यान् पिढ्या म्हटले जाते. त्यात घावांची संख्या ४० आणि ४१ सांगितली आहे. शवचिकित्सेनुसार अ‍ॅबीवर सुमारे १९, तर अँड्र्यूंवर १० किंवा ११ घाव होते. गीताने घाव तर वाढवलेच, शिवाय न्यायालयाने सोडलेल्या स्त्रीला दोषीही ठरवले.

३/ खटल्यात वेळेला फार महत्त्व होते. अ‍ॅबीचा मृत्यू पतीच्या सुमारे दीड तास आधी झाला. अँड्र्यू आधी गेले असते, तर संपत्तीतील वाटा अ‍ॅबीकडे आणि पुढे तिच्या माहेरच्यांकडे गेला असता. त्यांचे मृत्युपत्र नव्हते. त्यामुळे सारा वारसा एमा आणि लिझी या पहिल्या पत्नीच्या मुलींना मिळाला.

४/ लिझीविरुद्ध संशयाला जागा होती. हत्येनंतर तीनच दिवसांनी तिने एक पोशाख चुलीत जाळला. त्याला रंग लागला होता, असे कारण दिले. आदल्या दिवशी तिने प्रुसिक आम्ल हे जहाल विष मागितले, असे औषधविक्रेत्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ही साक्ष वगळली. वकील सोबत नसताना चौकशीत तिने दिलेली विसंगत उत्तरेही ज्यूरीपुढे आली नाहीत.

५/ दुसरी बाजूही तितकीच खरी. तळघरात तुटक्या दांड्याची कुऱ्हाड सापडली, पण हत्या तिनेच झाली हे सिद्ध झाले नाही. लिझीच्या अंगावर रक्ताचे डाग कोणी पाहिले नाहीत.

६/ जून १८९३ मध्ये न्यू बेडफर्ड येथे खटला चालला. बचावासाठी राज्याचे माजी गव्हर्नर जॉर्ज रॉबिन्सन उभे होते. तिघा न्यायाधीशांपैकी एकाची नेमणूक त्यांनीच गव्हर्नर असताना केली होती. ज्यूरीत १२ पुरुष होते. चर्चमध्ये शिकवणारी, प्रतिष्ठित घरातली स्त्री असे कृत्य करील, ही कल्पनाच त्या समाजाला पेलवत नव्हती. सुमारे दीड तासात निकाल आला : निर्दोष.

७/ श्मिट यांची कादंबरी ‘खुनी कोण’ या प्रश्नाभोवतीच घुटमळत नाही. लिझी, एमा, मोलकरीण ब्रिजेट आणि बेंजामिन अशा चौघांच्या तोंडून ती त्या घरातला उकाडा, आजारपण आणि साचलेला राग सांगते.

८/ यातील ब्रिजेट सुलिव्हन ही आयरिश मोलकरीण. बोर्डन बहिणी तिला ‘मॅगी’ म्हणत. ते आधीच्या मोलकरणीचे नाव होते. हत्येच्या दिवशी, उन्हाळ्यात, ती खिडक्या धूत होती. न्यायालयीन कागदपत्रांत ब्रिजेट बोलते ती केवळ विचारलेल्या प्रश्नांपुरती. कादंबरी तिला न विचारलेलेही बोलू देते. ही भर कल्पित आहे. तरी दप्तरात कोणाचा आवाज पुरता उतरलाच नाही, याची जाणीव ती करून देते.

९/ इथेच सावध राहणेही आवश्यक आहे. बेंजामिन हे पात्र पूर्णतः काल्पनिक आहे. अभिलेखातली पोकळी भरण्याची मुभा कादंबरीकाराला असते, इतिहासकाराला नसते. वाचकाने ही सीमा विसरली, तर चांगली कादंबरीही बडबडगीताचेच काम करते.

१०/ लिझी फॉल रिव्हरमध्येच राहिली. तिच्या मोठ्या घराचे नाव ‘मेपलक्रॉफ्ट’. एमा १९०५ मध्ये तिच्यापासून वेगळी झाली. १९२७ च्या जूनमध्ये दोघींचे निधन अवघ्या नऊ दिवसांच्या अंतराने झाले. ओक ग्रोव्ह दफनभूमीत त्या वडिलांच्या आणि अ‍ॅबीच्या शेजारीच विसावल्या आहेत. न्यायालयाने पुरावा अपुरा म्हटला, लोकांनी गाणे रचले, कादंबरीने माणसे उभी केली. इतिहासाच्या अभ्यासकाने तिन्ही वाचावे. मात्र पुरावा म्हणून पहिल्याकडेच जावे, आणि तिथेही काय वगळले गेले ते विचारावे.