नळ टाकला होता तेलासाठी: कार्बन डायऑक्साइडच्या पाईपलाईनची गोष्ट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना जे बोललो तेच आहे, थोडं नीटनेटकं केलंय इतकंच.

हवामानबदलावर चर्चा सुरू झाली की हल्ली एक वाक्य हमखास येतं: कारखान्यांच्या धुराड्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पकडायचा, पाईपलाईनने न्यायचा आणि जमिनीखाली खोल गाडून टाकायचा. ऐकताना वाटतं, हे काहीतरी अगदी नवीन आहे. पण हे नळ पन्नास वर्षांपासून जमिनीखाली आहेत. अमेरिकेत तर त्यांचं जाळं आठ हजार किलोमीटरच्या आसपास आहे. आणि ते पर्यावरणासाठी टाकलेलेच नव्हते.

चला टेक्सासला. पश्चिम टेक्सासमध्ये स्नायडर नावाचं गाव आहे. तिथे १९४८ मध्ये मोठं तेलक्षेत्र सापडलं. तेलविहिरीचं असं असतं की सुरुवातीला आतल्या दाबानेच तेल वर येतं. मग दाब उतरतो. मग पाणी आत ढकलून तेल रेटायचं. तेही एका मर्यादेपर्यंतच चालतं, बरंचसं तेल खडकाला चिकटून राहतं. इथे कार्बन डायऑक्साइड कामाला येतो. भरपूर दाबाखाली तो तेलात मिसळतो, तेल फुगतं, पातळ होतं आणि वाहायला लागतं. १९७२ मध्ये स्नायडरच्या त्या क्षेत्रात, म्हणजे सॅक्रॉकमध्ये, हा प्रयोग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला. त्यासाठीचा वायू आला दक्षिणेकडच्या नैसर्गिक वायूच्या प्रक्रिया केंद्रांतून. तिथे तो एरवी हवेत सोडून देत असत. तो आणायला ‘कॅन्यन रीफ कॅरिअर्स’ ही पाईपलाईन टाकली गेली. या प्रकारची ही पहिली मोठी पाईपलाईन.

म्हणजे कारखान्याच्या वायूची पहिली मोठी वाहतूक झाली ती आणखी तेल काढण्यासाठी!

पुढची गंमत याहून मोठी आहे. तेलाचे भाव चढले, वायूची मागणी वाढली आणि कारखान्यांचा वायू पुरेना. मग कंपन्यांनी कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, मिसिसिपी इथले नैसर्गिक साठे उघडले. लाखो वर्षं खडकाखाली गप्प बसलेला कार्बन डायऑक्साइड विहिरी खणून वर काढला. १९८० च्या दशकात झालेली कॉर्टेझ पाईपलाईन कोलोरॅडोच्या मॅकएल्मो डोममधून टेक्सासच्या डेन्व्हर सिटीपर्यंत जाते, जवळपास ८०० किलोमीटर. आज आपण जो वायू जमिनीत घालायची धडपड करतोय, तोच वायू तेव्हा जमिनीतून काढायला एवढी मोठी लाईन टाकली होती.

आता थोडं तंत्र, कारण पुढची गोष्ट त्याशिवाय कळणार नाही. हा वायू नळातून वायू म्हणून नेणं परवडत नाही, फार जागा खातो. म्हणून तो साधारण ७४ बारच्या वर दाबतात. त्या दाबाला तो द्रवासारखा दाट होतो. पण त्यात पाणी राहिलं तर कार्बोनिक आम्ल तयार होतं आणि साधं पोलाद खायला लागतं, म्हणून आधी तो कोरडा करावा लागतो. आणि नळ फुटला तर? दाब एकदम सुटतो, वायू गोठण्याइतका थंड होतो, आणि हवेपेक्षा दीडपट जड असल्यामुळे वर न जाता जमिनीलगत सखल भागात साचतो. त्याला रंग नाही, वासही नसल्यातच जमा. पेट तर घेतच नाही, त्यामुळे आगीसारखा दिसूनही येत नाही.

२२ फेब्रुवारी २०२०, शनिवारची संध्याकाळ. मिसिसिपी राज्यातलं सटार्शिया, जेमतेम काही घरांचं गाव. गावापासून दीडेक किलोमीटरवर डेनबरी कंपनीची २४ इंची पाईपलाईन फुटली. मुसळधार पावसाने उताराची माती सरकली, नळावर ताण आला आणि सांध्याचं वेल्डिंग तुटलं. ढग गावावर आला. गाड्या बंद पडल्या, कारण इंजिनाला प्राणवायूच मिळेना. माणसं रस्त्यात बेशुद्ध झाली. सुमारे २०० जणांना हलवलं, ४५ जण दवाखान्यात गेले. नशिबाने कोणी दगावलं नाही.

केंद्रीय सुरक्षा यंत्रणेचा चौकशी अहवाल २०२२ मध्ये आला. त्यातली दोन वाक्यं मला जास्त लागली. फुटल्यावर वायू कुठपर्यंत पसरेल याचा कंपनीचा हिशोब चुकला होता, त्या हिशोबात सटार्शिया धोक्याच्या पट्ट्यात नव्हतंच. आणि मदतीला धावलेल्या लोकांना त्या नळात काय आहे, याची नीट कल्पना दिलेली नव्हती. वेल्डिंग तुटणं हा अपघात म्हणता येईल. शेजाऱ्याला न सांगणं हा अपघात नाही.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे आणि ती प्रामाणिकपणे सांगायला हवी. २००० साली अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटामधल्या कोळशापासून गॅस करणाऱ्या कारखान्यातून कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्राकडे ३३० किलोमीटरची लाईन सुरू झाली. तिथेही हेतू तेलच, पण सोबत शास्त्रज्ञ बसले आणि वायू खाली राहतो का याची वर्षानुवर्षं मोजणी केली. नेदरलँड्समध्ये तर २००५ पासून रॉटरडॅमजवळच्या रिफायनरीचा वायू एका पडून असलेल्या जुन्या तेलनळातून ग्रीनहाऊसवाल्या शेतकऱ्यांकडे जातो, पिकांना घालायला. म्हणजे तंत्र चालतं. प्रश्न तंत्राचा नाही.

त्याच नेदरलँड्समध्ये बारेनड्रेख्ट नावाच्या गावाखालच्या रिकाम्या गॅसक्षेत्रात वायू साठवायचा बेत होता. लोकांनी कडाडून विरोध केला आणि २०१० मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. त्यानंतर तिथली योजना समुद्राच्या तळाखाली गेली. अमेरिकेत सटार्शियानंतर तेच झालं. इथेनॉल कारखान्यांचा वायू नेणारी ‘नॅव्हिगेटर’ची योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये रद्द झाली. ‘समिट’ कंपनीची पाच राज्यांतली लाईन अडली, कारण शेतकरी म्हणाले, आमच्या शेतातून सक्तीने नेऊ नका. मार्च २०२५ मध्ये साउथ डकोटाने अशा पाईपलाईनसाठी सक्तीने जमीन घेण्यावर कायद्याने बंदीच घातली. यात पर्यावरणवादी आणि कट्टर उजवे शेतकरी एकाच बाजूला उभे होते, हे विशेष.

आपला काय संबंध? नीती आयोगाने २०२२ मध्ये कार्बन पकडून साठवण्याच्या धोरणावर अहवाल काढलाय, आयआयटी मुंबईत याचं राष्ट्रीय केंद्र आहे. पोलाद, सिमेंट बंद करता येणार नाहीत, त्यामुळे आज ना उद्या नळ टाकायची वेळ आपल्यावरही येऊ शकते. आपल्याकडे पेट्रोलियम आणि खनिजांच्या पाईपलाईनसाठी १९६२ चा कायदा आहे. त्यात जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते, फक्त वापरहक्क घेतला जातो, आणि त्याचा मोबदला बाजारभावाच्या १० टक्के. सातबारा आपला, नळ दुसऱ्याचा. त्या नळावर पक्कं घर बांधता येत नाही, विहीर खणता येत नाही, मोठं झाड लावता येत नाही.

मी या तंत्राच्या विरोधात नाही. पण पन्नास वर्षांचा इतिहास एवढं नक्की सांगतो की नळ कोणासाठी टाकला जातोय आणि तो कोणाच्या बांधाखालून जातोय, ही दोन माणसं बहुतेक वेळा वेगळी असतात. दुसऱ्या माणसाला आधी सांगा, त्याच्या गावच्या दवाखान्याला, अग्निशमनवाल्यांना सांगा, मगच खोदायला घ्या. सटार्शियात एवढं जरी झालं असतं, तरी त्या रात्री लोकांना कुठल्या दिशेने पळायचं ते कळलं असतं.

आज इथेच थांबतो. तुमच्या गावाजवळून कुठलीही पाईपलाईन जात असेल, तर तिच्या खुणेच्या खांबावर काय लिहिलंय ते वाचून नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात.