विद्युत रोध व शक्ती यांचे गणन

एखाद्या वाहकाच्या दोन टोकांमधील विभवांतर आणि त्यातून वाहणारी विद्युतधारा या दोन राशी मोजून त्या वाहकाचा रोध आणि त्यात खर्च होणारी विद्युत शक्ती काढता येते. विभवांतराला धारेने भागले असता रोध मिळतो आणि विभवांतराला धारेने गुणले असता शक्ती मिळते. विभवांतर व्होल्टमध्ये व धारा अँपिअरमध्ये घेतल्यास रोध ओहममध्ये आणि शक्ती वॅटमध्ये येते. गणित सोपे असले तरी दोन्ही मापे वाहकाच्या त्याच भागाची व त्याच क्षणाची असावी लागतात. या विषयातील बहुतेक चुका ही अट सुटल्यामुळे होतात.

== मूळ सूत्रे ==

रोध = विभवांतर ÷ धारा
शक्ती = विभवांतर × धारा

या दोन सूत्रांवरून शक्तीची आणखी दोन रूपे मिळतात:

शक्ती = धारेचा वर्ग × रोध
शक्ती = विभवांतराचा वर्ग ÷ रोध

उदाहरणार्थ, २३० व्होल्टवर २,००० वॅट शक्ती घेणाऱ्या गीझरमधून सुमारे ८.७ अँपिअर धारा वाहते व त्याचा रोध सुमारे २६.५ ओहम असतो. पुरवठ्याचा दाब १८० व्होल्टपर्यंत उतरला आणि रोध तोच राहिला, तर शक्ती सुमारे १,२२५ वॅट होते. दाब सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाला, पण शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी घटली, कारण शक्ती विभवांतराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. कमी दाबाच्या वेळी पाणी तापण्यास फार वेळ लागतो तो यामुळे.

== विभवांतर कोणत्या भागाचे? ==

वरील गीझरच्या मार्गात सॉकेटची पकड सैल झाली आणि त्या जागी ०.५ ओहम रोध निर्माण झाला असे मानू. या सैल जोडात किती उष्णता निर्माण होईल हे काढताना विद्यार्थी अनेकदा २३०च्या वर्गाला ०.५ने भागतात. उत्तर एक लाख वॅटच्या वर जाते, आणि ते उघडच अशक्य आहे. २३० व्होल्ट हे संपूर्ण मार्गावरील विभवांतर आहे. जोडाच्या वाट्याला त्यातील थोडाच भाग येतो.

येथे जोड आणि गीझर एकसर जोडणीत आहेत. एकूण रोध सुमारे २७ ओहम, म्हणून धारा सुमारे ८.५ अँपिअर. जोडावरील विभवांतर सुमारे ४.३ व्होल्ट व त्यात खर्च होणारी शक्ती सुमारे ३६ वॅट. हा आकडा लहान भासतो. परंतु ही उष्णता पाण्यात न जाता पिनेच्या टोकाशी, प्लास्टिकच्या आवरणात साठते. सॉकेट काळवंडणे, वितळणे व प्रसंगी आग लागणे यांचे हे एक नेहमीचे कारण आहे. अशा वेळी धारा वाढलेली नसते, उलट किंचित कमी झालेली असते. त्यामुळे फ्यूज किंवा एमसीबी या दोषापासून संरक्षण देत नाही.

== तापमानाचा परिणाम ==

ओहमच्या नियमानुसार तापमानासारखी भौतिक स्थिती कायम असेल तर धारा विभवांतराच्या समप्रमाणात असते. टंगस्टनच्या तारेच्या दिव्यात तापमान कायम राहत नाही. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या दिव्याचा प्रज्वलित अवस्थेतील रोध ५२९ ओहम येतो. तोच दिवा थंड असताना मल्टिमीटर साधारण ४० ओहमच्या आसपास दाखवतो. थंड रोधावरून शक्ती काढली तर १,३०० वॅटहून अधिक असे भलतेच उत्तर मिळते. मल्टिमीटर बिघडलेला नसतो. रोध एका स्थितीतला व विभवांतर दुसऱ्या स्थितीतले घेतल्याने ही तफावत पडते. मात्र दिवा लावताच पहिल्या क्षणी धारा खरोखरच नेहमीच्या अनेक पट असू शकते. जुना दिवा बहुधा बटण दाबतानाच जातो, त्यामागे हेही कारण आहे.

== मापनातील जोडणी ==

अमीटर एकसर व व्होल्टमीटर समांतर जोडतात. व्होल्टमीटर केवळ रोधाला समांतर जोडल्यास अमीटर रोधातील धारेबरोबर व्होल्टमीटरमधील धाराही मोजतो, आणि काढलेला रोध खऱ्यापेक्षा कमी येतो. १०,००० ओहमचा रोध १,००,००० ओहम रोधाच्या व्होल्टमीटरने असा मोजल्यास उत्तर सुमारे ९,०९१ ओहम मिळते. अमीटरही व्होल्टमीटरच्या कक्षेत घेतल्यास अमीटरचा रोध मिळवला जाऊन उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येते. म्हणून लहान रोधासाठी पहिली व मोठ्या रोधासाठी दुसरी जोडणी सोयीची ठरते.

== इतिहास ==

जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांना आरंभीच्या प्रयोगांत घटांचा दाब स्थिर राहत नसल्याची अडचण आली. पुढे त्यांनी घटाऐवजी बिस्मथ व तांब्याचे तापयुग्म वापरले आणि १८२७ मध्ये आपला सिद्धांत ग्रंथरूपाने मांडला. इंग्लंडमध्ये हेन्री कॅव्हेंडिश यांना असाच संबंध त्यापूर्वी आढळला होता. परंतु त्यांनी तो प्रसिद्ध केला नव्हता. धारेच्या वर्गाशी उष्णतेचा असलेला संबंध जेम्स प्रेस्कॉट ज्यूल यांनी १८४०च्या सुमारास दाखवला. ओहम व व्होल्ट या एककांना १८८१च्या पॅरिस येथील विद्युत परिषदेत मान्यता मिळाली.

== प्रत्यावर्ती धारा ==

प्रत्यावर्ती पुरवठ्यावर गीझर, इस्त्री यांसारख्या तापणाऱ्या उपकरणांना वरील सूत्रे विभवांतर व धारेची परिणामी मूल्ये घेऊन तशीच लागू पडतात. पंखा, पंप अशा चलित्र असलेल्या यंत्रांत मात्र धारा विभवांतराच्या मागे पडते, म्हणजे दोन्ही एकाच क्षणी कमाल मूल्य गाठत नाहीत. तेथे भागाकाराने रोध न मिळता संरोध मिळतो आणि गुणाकाराने भासमान शक्ती मिळते. प्रत्यक्ष शक्तीसाठी या गुणाकाराला शक्तिगुणकाने, म्हणजेच व्यवहारातील पॉवर फॅक्टरने, गुणावे लागते. २३० व्होल्टवर ५ अँपिअर घेणाऱ्या पंपाचा शक्तिगुणक ०.८ असल्यास भासमान शक्ती १,१५० व्होल्ट-अँपिअर, तर प्रत्यक्ष शक्ती ९२० वॅट असते. तारेची जाडी ठरवताना मात्र पूर्ण ५ अँपिअर धाराच विचारात घेतात, कारण तार त्या धारेनेच तापते.