मोबाइलवरचा मराठी मजकूर : अमरावती-अकोला

लहान पडद्यावर बोटांनी मोठा न करता, आडवा न सरकवता आणि तुटपुंज्या रेंजमध्येही वाचता येईल अशा रीतीने मांडलेल्या मजकुराला मोबाइलस्नेही मजकूर म्हणतात. प्रस्तुत नोंद वऱ्हाडातील, मुख्यतः अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतील मराठी वाचकांपुरती आहे. या वाचकांचा मोठा भाग शेतीशी बांधलेला आहे : कपाशी, सोयाबीन, तूर, हरभरा आणि वरूड-मोर्शीकडे संत्रा. पेरणीचा सल्ला, बाजारभाव, सातबारा, पीकविमा, मुलांचा निकाल हे सारे एकाच फोनवर पाहिले जाते. अनेक घरांत संगणक कधी आलाच नाही, फोन हाच पहिला पडदा. संगणकासाठी केलेले पान फोनवर कसेबसे दिसते, एवढ्यावर येथे भागत नाही.

पार्श्वभूमी : आयफोन २००७ मध्ये आला तेव्हा बहुतेक संकेतस्थळे संगणकाच्या रुंदीची होती. फोनचा ब्राउझर पान सुमारे ९८० पिक्सेल रुंद आहे असे धरून ते आखडून दाखवी. पान फोनच्या रुंदीप्रमाणे बसवावे असे ब्राउझरला सांगणारी ‘व्ह्यूपोर्ट’ ही सूचना त्याच काळातली. एकच पान पडद्यानुसार स्वतःची मांडणी बदलते, ही पद्धत इथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ या नावाने मांडली. गूगलने २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरील शोधात मोबाइलस्नेही पानांना झुकते माप दिले. जिओची मोबाइल सेवा ५ सप्टेंबर २०१६ रोजी सुरू झाली आणि डेटा स्वस्त झाला. पुढच्या वर्षी आलेल्या जिओफोनचा पडदा २.४ इंचांचा, २४० बाय ३२० पिक्सेलचा होता.

मराठीची वाट याहून खडतर होती. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत देवनागरीच्या जागी चौकोन दिसत किंवा काना-वेलांट्या सुट्या पडत. त्या काळात ऑपेरा मिनी ब्राउझरमधील एक सेटिंग बदलून अक्षरे चित्ररूपाने मागवण्याची युक्ती मराठी वाचकांत प्रचलित होती. अँड्रॉइड ५.० मध्ये (२०१४) फोनची भाषा म्हणून मराठी मिळाली. भारतात विकल्या जाणाऱ्या फोनवर बावीसही अनुसूचित भाषा वाचता याव्यात, यासाठी भारतीय मानक आयएस १६३३३ (भाग ३) २०१६ मध्ये सक्तीचे करण्यात आले. प्रत्यक्ष अंमल काही काळाने झाला.

अक्षर आणि संकेतन : मोबाइलस्नेही मजकुराची चर्चा सहसा मांडणीपासून सुरू होते. मराठीत ती अक्षरापासून व्हायला हवी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून जागा आहे, तरी छपाईच्या धंद्यात श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएम यांसारख्या जुन्या संचांतील टंक दीर्घकाळ चालले. पत्रिका, पत्रके, स्मरणिका आणि कार्यालयांची परिपत्रके त्यांतच जुळवली जात. असा मजकूर तसाच उचलून फोनवर टाकला की रोमन चिन्हांची रांग दिसते. त्यावर सोपा उपाय म्हणून पानाचे चित्र किंवा पीडीएफ करून पाठवण्याची सवय लागली, आणि वऱ्हाडात आजही माहिती वाचता न येण्याचे एक मोठे कारण हीच सवय आहे. जुन्या टंकातला मजकूर परिवर्तकाने युनिकोडमध्ये आणता येतो. त्यानंतर एकदा नजरेखालून घालावा लागतो, इतकेच.

युनिकोडमध्येही एक अडचण उरते आणि ती या प्रदेशाच्या नावातच आहे. ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’, ‘शेतकऱ्यांना’ या शब्दांतील अर्धा र दोन प्रकारे साठवला जातो. एका प्रकारात स्वतंत्र ‘ऱ’ आणि हलन्त असतो, दुसऱ्यात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा शून्यरुंदीचा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्राला ते वेगळे शब्द वाटतात. त्यामुळे एका प्रकारे लिहिलेला सल्ला दुसऱ्या प्रकारे शोधणाऱ्याला सापडेलच असे नाही. मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे उतरवताना काही प्रणाली जोडक गाळून टाकतात आणि मग ‘शेतकर्यांना’ असे चुकीचे रूप उमटते. सरकारी योजनांच्या पानांवर हे रूप वारंवार दिसते. स्वतंत्र ‘ऱ’ वापरण्याचा नियम प्रत्येक संपादकाने पाळला तर हा दोष टळतो.

पानाची भाषा मराठी असल्याची खूण पानाच्या संकेतात न दिल्यास ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाने उमटू शकतात. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही वळणे राज्य शासनाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठीसाठी मान्य आहेत. ज्या टंकांत दोन्ही वळणे असतात, त्यांत योग्य वळण निवडले जाते ते या खुणेवरूनच. डोळ्यांनी न पाहता पान ऐकणाऱ्या वाचकाला मराठी उच्चार मिळण्यासाठीही हीच खूण लागते.

देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार येतात. रोमन लिपीसाठी ठरवलेले ओळींतील अंतर मराठीला अपुरे पडते. अक्षराच्या आकाराच्या दीडपटीहून थोडे अधिक अंतर ठेवले की वरच्या ओळीचा उकार खालच्या रफारावर आदळत नाही. अक्षरांत मुद्दाम अंतर वाढवू नये, शिरोरेषा तुटते. दोन्ही कडा सरळ करण्याचा छपाईतला आग्रह फोनवर सोडावा. अरुंद ओळीत ‘कीडव्यवस्थापनासाठी’सारखा एक शब्द आला की बाकीच्या शब्दांत मोठी भगदाडे पडतात. करड्या पार्श्वभूमीवर फिकट अक्षरे हा आणखी एक दोष. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, वाचक उन्हात उभा असतो, आणि अशा वेळी काळ्यावर पांढरे किंवा पांढऱ्यावर काळे एवढेच टिकते. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांतील तफावत किमान ४.५ : १ सांगितली आहे. येथे ती किमानच समजावी.

वजन : युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. ‘क्षेत्र’ हा शब्द दोन अक्षरांचा, चिन्हे मात्र सात, म्हणजे २१ बाइट. तरीही हजार शब्दांचा मराठी लेख साधारण २० किलोबाइटांत बसतो. फोनने काढलेले एकच छायाचित्र, लहान न करता चढवले तर, याच्या शंभरपटीहून जड असते. जोडाक्षरांमुळे देवनागरी टंकाची फाइलही अनेकदा शंभर किलोबाइटांपलीकडे जाते. टंक उतरून येईपर्यंत मजकूर लपवून ठेवणारी पाने कमकुवत रेंजमध्ये काही वेळ कोरीच राहतात. फोनमधला स्वतःचा टंक आधी दाखवावा, शोभेचा टंक मागाहून येऊ द्यावा. पानातील सर्वांत मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा, असे गूगलचे २०२० पासूनचे मापन सांगते.

संदेश : शेतीसल्ल्याचा मोबाइलवरील प्रवास एसएमएसपासून सुरू झाला. ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही हवामान व बाजारभावांची सशुल्क सेवा २००७ मध्ये महाराष्ट्रात निघाली, केंद्र सरकारचे ‘एम-किसान’ २०१३ मध्ये आले. रोमन लिपीतील एका संदेशात १६० चिन्हे मावतात. एकही देवनागरी चिन्ह आले की मर्यादा ७० वर येते, आणि लांब संदेश तोडला तर प्रत्येक तुकड्यात ६७ उरतात. ‘गुलाबी बोंडअळी’ एवढे लिहिण्यातच १४ चिन्हे जातात. २०१७ च्या खरिपात विदर्भातील कपाशीवर या अळीचा मोठा प्रादुर्भाव झाला, तेव्हा अळीचे नाव, औषध, पाण्याचे प्रमाण आणि खबरदारी हे सारे ७० चिन्हांत बसवणे कोणालाही शक्य नव्हते. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. त्या घटनांच्या कारणांबद्दल वेगवेगळी मते आहेत. औषधाची मात्रा आणि खबरदारी मजकुरात ठळक, स्वतंत्र ओळीत आणि न तुटता यावी, याबद्दल मात्र दुमत होऊ नये. ‘१.० मिली’मधील टिंब पुसट चित्रात दिसले नाही तर मात्रा दहापट होते.

अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ (स्थापना २० ऑक्टोबर १९६९) विदर्भाच्या अकराही जिल्ह्यांसाठी शिफारशी देते. त्याची ‘कृषी संवादिनी’ शेतकऱ्यांच्या घरी हाताळून झिजलेली दिसते. अशा छापील पुस्तकाचे पान तसेच्या तसे पीडीएफ करून फोनवर दिले तर उपयोग बराच कमी होतो. एका पिकाची एक शिफारस, वर पिकाचे नाव व तारीख, खाली मात्रा, अशी तोडणी केली तर तोच मजकूर बांधावर कामी येतो.

तक्ते : बाजारभावाच्या तक्त्यात शेतमाल, जात, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे सात रकाने असतात. साधारण ३६० पिक्सेल रुंदीच्या फोनवर प्रत्येक रकान्याला ५० पिक्सेल येतात, त्यात ‘सर्वसाधारण’ हा शब्दही मावत नाही. अकोल्याच्या बाजार समितीत तूर नेणाऱ्याला प्रथम हवा असतो तो सर्वसाधारण दर, आणि तोच शेवटच्या रकान्यात, पडद्याबाहेर असतो. प्रत्येक बाजार समितीची वेगळी चौकट करून वर नाव, लगेच खाली सर्वसाधारण दर आणि त्याखाली बाकीचे आकडे द्यावेत. तारीख प्रत्येक चौकटीत असावी. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या भावाचा सर्वांत मोठा धोका तो कालचा असण्याचा.

अर्ज : ई-पीक पाहणी (शेतकऱ्याने स्वतः फोनवरून पिकाची नोंद करण्याची शासकीय सोय, राज्यभर १५ ऑगस्ट २०२१ पासून) शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र काढायला लावते. बांधावर अनेकदा रेंज नसते. भरलेली माहिती रेंज येईपर्यंत फोनमध्येच टिकली पाहिजे, नाहीतर माणूस तोच अर्ज पुन्हा भरत बसतो. बटणे निदान ४८ पिक्सेल उंच असावीत. दूरध्वनी क्रमांक मजकूर म्हणून द्यावा, दाबताच लागेल असा : किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा क्रमांक पत्रकाच्या चित्रात छापला की तो कागदावर उतरवून घ्यावा लागतो.

हरिसाल : परतवाडा-धारणी रस्त्यावरील, अमरावती जिल्ह्याच्या मेळघाट भागातील गाव. २०१६ च्या सुमारास राज्य शासन आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून निवडले गेले. दूरचित्रवाणीच्या न वापरलेल्या लहरींवरून इंटरनेट, दूरस्थ वैद्यकीय सल्ला आणि शाळेतील सोयी असा कार्यक्रम होता. या सोयींची प्रत्यक्ष स्थिती काय, यावरून २०१९ च्या लोकसभा निवडणूक प्रचारात वाद झाला. रेंज पोचवण्याचा विचार येथे झाला. पोचलेल्या रेंजवर येथील कोरकू भाषक माणसाने काय आणि कसे वाचावे, हा प्रश्न त्या चर्चेत मागेच राहिला. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा आहे.

बोली : वऱ्हाडीतील ‘मले’, ‘तुले’ यांसारखी रूपे प्रमाण मराठीवर बेतलेल्या शब्दसूचनांत सहसा नसतात. मेळघाटातील कोरकू भाषाही देवनागरीतच लिहितात.

दृक्‌श्राव्य : आवाजी संदेश व चित्रफिती लोकप्रिय आहेत, मात्रा व तारीख लेखी दिल्याशिवाय दोन्ही अपुरी पडतात.

तपासणी : सुलभतेच्या निकषांप्रमाणे (२०१८) मजकूर ३२० पिक्सेल रुंदीत आडवा न सरकवता वाचता आला पाहिजे. गूगलची मोबाइल-योग्यता तपासणारी सुविधा २०२३ च्या अखेरीस बंद झाली. ब्राउझरमधील साधने उपलब्ध आहेत. तरी कार्यालयातील वायफायवर, नव्या फोनवर केलेली तपासणी येथे पुरेशी धरू नये. मजकूर प्रसिद्ध करणाऱ्याने तो चार-पाच वर्षे जुन्या, स्वस्त फोनवर, वायफाय बंद करून, दुपारच्या उन्हात उभे राहून एकदा वाचावा आणि कुठे अडखळायला झाले तर प्रसिद्ध करण्यापूर्वीच दुरुस्त करावा.