ऑथरवेअर
परस्परसंवादी शैक्षणिक साहित्य तयार करण्याची संगणकप्रणाली. मायकेल ॲलन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात १९८७ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने ती विकसित केली. ॲलन त्याआधी कंट्रोल डेटा कंपनीत ‘प्लेटो’ या संगणकाधारित शिक्षणप्रकल्पाशी संबंधित होते. ऑथरवेअरमध्ये पाठ लिहायचा नसे, तो मांडायचा असे : एका उभ्या प्रवाहरेषेवर चित्र, ध्वनी, हालचाल, प्रतीक्षा, निर्णय इत्यादींची चिन्हे माउसने ओढून ठेवली की त्याच क्रमाने पाठ चाले. प्रोग्रामिंग न येणारा शिक्षकही ते करू शके; गुंतागुंतीच्या पाठांत मात्र गणनचिन्हात सूत्रे लिहावीच लागत. तिचे खरे बळ संवादचिन्हात होते. विद्यार्थ्याने कळ दाबली, शब्द टंकला, आकृतीचा भाग योग्य जागी ओढला किंवा वेळ संपू दिला, तर प्रत्येक प्रतिसादाला वेगळी वाट देता येई आणि चुकीच्या उत्तरामागची समजूत ओळखून तिथेच खुलासा करता येई. आजची अनेक साधने याबाबतीत बहुपर्यायी प्रश्नांवरच अडतात. ॲलन यांच्या कंपनीच्या १९९२ मधील विलीनीकरणातून मॅक्रोमीडिया कंपनी निर्माण झाली. पुढे मॅक्रोमीडियाच्या शॉकवेव्ह तंत्रामुळे पाठाचे तुकडे करून ते इंटरनेटवरून पाठवता येऊ लागले. मात्र त्यासाठी ब्राउझरला वेगळी जोडणी लागे. २००५ मध्ये मॅक्रोमीडिया ॲडोबीकडे गेली आणि २००७ मध्ये ऑथरवेअरचा विकास थांबवण्यात आला.