चौथ्या गिअरची सक्ती

फेब्रुवारी १९७४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोना ट्रॅकवर ‘डेटोना ५००’ ही शर्यत सुरू झाली ती थेट एकविसाव्या फेरीपासून. पहिल्या वीस फेऱ्या कोणी न धावताच हिशेबात धरल्या गेल्या होत्या. पाचशे मैलांची शर्यत साडेचारशे मैलांत आटोपली, रिचर्ड पेटीने ती जिंकली आणि दहा टक्के इंधन वाचवल्याचं समाधान आयोजकांच्या पदरी पडलं. त्याच ट्रॅकवरची चोवीस तासांची शर्यत तर त्या वर्षी भरलीच नाही.

कारण चार महिन्यांपूर्वीचं होतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी अमेरिकेचा पुरवठा तोडला. तीन डॉलरच्या आसपास मिळणारं कच्च्या तेलाचं पिंप पुढच्या वर्षाच्या सुरुवातीला बारा डॉलरच्या घरात गेलं. पंपांवर रांगा लागल्या. काही राज्यांत नंबरप्लेटच्या सम-विषम आकड्यांनुसार पेट्रोल मिळू लागलं. २ जानेवारी १९७४ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, वेगमर्यादा आणणाऱ्या कायद्यावर सही केली.

डेट्रॉईटच्या ‘मसल कार’ या संकटाने मारल्या, असं सर्रास सांगितलं जातं. ते अर्धंच खरं आहे. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या टेम्पेस्टमध्ये ६.४ लिटरचं व्ही-एट इंजिन बसवून ‘जीटीओ’ बाजारात आणली, तिथून हा खेळ सुरू झाला. १९७० च्या शेव्हरोले शेव्हेलमध्ये तो ४५० हॉर्सपॉवरपर्यंत पोचला. तेव्हा पेट्रोल गॅलनला चाळीस सेंटच्याही आत होतं. गाडी ॲव्हरेज किती देते, हे शोरूममध्ये विचारायला कोणी जात नव्हतं. पण विम्याचे वाढते हप्ते आणि १९७० चा हवा-प्रदूषण कायदा यांनी या गाड्यांना आधीच घेरलं होतं. कमी शिशाच्या पेट्रोलवर चालावीत म्हणून जनरल मोटर्सने १९७१ पासूनच इंजिनांचं कॉम्प्रेशन उतरवलं. १९७५ मध्ये शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट या स्पोर्ट्स कारचं ५.७ लिटरचं साधं इंजिन जेमतेम १६५ हॉर्सपॉवर देत होतं. या घसरणीतला काही भाग मोजण्याची पद्धत बदलल्यामुळे कागदावर दिसणारा होता, पण बाकीची घसरण खरीच होती.

इंजिनाचा दम घोटून ॲव्हरेज वाढत नाही, हे त्या वर्षांनी दाखवून दिलं. पेट्रोल नेमकं कुठे जातं, हा प्रश्न वेगळाच होता. सपाट रस्त्यावर ताशी नव्वदने निघालेल्या गाडीला चालत राहायला वीस-पंचवीस हॉर्सपॉवर पुरतात. दोन-तीनशेची ताकद असलेलं व्ही-एट तेव्हा थ्रॉटल, म्हणजे हवा आत सोडणारी झडप, जवळपास मिटून चालत असतं. आठही पिस्टनांना त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढावी लागते, आणि या ओढण्यातच इंधन खर्ची पडतं. त्यावर उपाय मोजकेच: काही सिलिंडर झोपवायचे, इंजिन लहान करून त्याला टर्बो लावायचा, किंवा मोठंच इंजिन उंच गिअरवर सावकाश फिरवायचं. जोडीला गाडीचा आकार असा करायचा की हवेचा अडथळा कमी होईल. पुढच्या चाळीस वर्षांत डेट्रॉईटने हे सगळे उपाय करून पाहिले.

पंपावरचे भाव चढ-उतार करत राहतात. ते उतरले की गिऱ्हाईक विसरतं. इथे विसरू दिलं नाही ते कायद्याने. १९७५ च्या कायद्याने प्रत्येक कंपनीच्या सगळ्या मोटारींची मिळून सरासरी ठरवून दिली: १९७८ साठी गॅलनला १८ मैल, १९८५ साठी साडेसत्तावीस, म्हणजे लिटरला सुमारे पावणेबारा किलोमीटर. शिवाय १९७८ मध्ये ‘गॅस गझलर टॅक्स’ मंजूर झाला. फार पेट्रोल पिणाऱ्या नव्या मोटारीवरचा हा कर १९८० च्या मॉडेलांपासून लागू झाला.

सिलिंडर झोपवण्याचा पहिला मोठा प्रयोग कॅडिलॅकचा. १९८१ च्या ‘व्ही ८-६-४’ इंजिनात कॉम्प्युटर गरजेप्रमाणे दोन किंवा चार सिलिंडरांचे व्हॉल्व्ह बंद ठेवत असे. कल्पना चोख होती, पण तेव्हाचा कॉम्प्युटर तिला पुरा पडला नाही. गाडी चालता चालता गचके देई. वैतागून अनेक मालकांनी ती यंत्रणा निकामी करून घेतली आणि आठ सिलिंडरांवर गाड्या पळवल्या. लिमोझिन वगळता कॅडिलॅकने वर्षभरातच हे इंजिन गुंडाळलं.

ब्यूइकने दुसरी वाट धरली. १९७८ पासून तिने रीगलमध्ये ३.८ लिटरच्या व्ही-सिक्सला टर्बो लावला. कार्ब्युरेटर जाऊन इलेक्ट्रॉनिक इंधन-फवारणी आली तसा तो टर्बो काबूत आला, आणि १९८७ च्या काळ्याभोर ‘ग्रँड नॅशनल’ने या सहा सिलिंडरांतून २४५ हॉर्सपॉवर काढले. अनेक व्ही-एट गाड्या तिच्यामागे राहू लागल्या.

एव्हाना तेल गडगडलं होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत पेट्रोल पुन्हा गॅलनला डॉलरच्या आत आलं. तरी कायदा कायम होता, आणि त्याची सर्वांत मजेदार खूण १९८९ च्या कॉर्व्हेटमध्ये सापडते. तिला जर्मन झेडएफ कंपनीचा सहा गिअरांचा नवा बॉक्स मिळाला. इंजिन तापलेलं आहे, पाय ॲक्सिलरेटरवर हलका आहे, वेग ताशी वीस ते तीस किलोमीटर आहे, अशा वेळी चालकाने पहिल्यातून दुसऱ्यात टाकायला दांडा मागे ओढला की एक सोलेनॉइड, म्हणजे विजेने सरकणारा खटका, मध्ये येई आणि दांडा थेट चौथ्यात जाऊन बसे. इंजिनाचे फेरे खाली येत, प्रयोगशाळेतल्या शहरी चाचणीत मैल वाढत आणि गाडी करातून सुटे. पाय जोरात दाबला तर दुसरा गिअर निमूटपणे पडे. पुष्कळ मालक गाडी घरी आणून त्या सोलेनॉइडची पिन काढून टाकत. कागदावरचं ॲव्हरेज तेवढं शाबूत राही.

या सक्तीची चेष्टा झाली, पण उंच गिअरचं तत्त्व पक्कं होतं. १९९७ च्या कॉर्व्हेटमध्ये ते पुरतं वसूल झालं. ५.७ लिटरच्या ॲल्युमिनिअम व्ही-एटची ताकद ३४५ हॉर्सपॉवर. सहाव्या गिअरचं प्रमाण ०.५०, म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्यामागे चाकांकडे जाणारा शाफ्ट दोनदा फिरणार. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.२९. हायवेवर तिचं सरकारी ॲव्हरेज गॅलनला २८ मैल निघालं, लिटरला जवळजवळ बारा किलोमीटर. १९७५ च्या गाडीच्या दुप्पट ताकद असूनही.

याच काळात गिऱ्हाईक मात्र कायद्याच्या फटीतून निसटत होतं. पिकअप आणि एसयूव्ही ‘लाइट ट्रक’ ठरल्याने त्यांची सरासरीची अट सौम्य होती आणि गझलर टॅक्स त्यांना नव्हताच. त्यामुळे नाजूक कॉर्व्हेट करातून सुटण्यासाठी गिअर गाळत असताना तिच्या शेजारच्या लेनमधून अडीच टनांची एसयूव्ही बिनकराची जात होती. जून २००८ मध्ये पेट्रोलने गॅलनला चार डॉलरची सीमा ओलांडली, तेव्हा या एसयूव्हींची मागणी कोसळली.

त्यानंतर कॉर्व्हेटमध्ये कॅडिलॅकची फसलेली कल्पना पुन्हा वर आली, आता वेगवान कॉम्प्युटर सोबत घेऊन. २०१४ च्या कॉर्व्हेटचं ६.२ लिटरचं इंजिन ४५५ हॉर्सपॉवरचं, तरी हलक्या पायाने चालवताना ते चार सिलिंडरांवर उतरतं आणि चालकाला आवाजातल्या किंचित फरकाखेरीज काही कळत नाही. सरकारी आकडा हायवेवर २९ मैलांचा. २०२० च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटला क्लचचं पेडलच राहिलं नाही. कोणता गिअर कधी पडायचा, हे आता सहसा कॉम्प्युटर ठरवतो.

जुलै २०२५ मध्ये अमेरिकी संसदेने १९७५ च्या सरासरीचा नियम मोडल्याबद्दलचा दंड शून्य डॉलरवर आणला. नियम पुस्तकात राहिला, दात गेले. गझलर टॅक्स तेवढा टिकून आहे: गॅलनला साडेबावीस मैलांच्या खाली येणाऱ्या मोटारीवर तो लागतो, जास्तीत जास्त ७,७०० डॉलर भरावे लागतात, आणि शोरूममधल्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर ही रक्कम वेगळी छापलेली असते.