तीन वैद्यांची साक्ष



वैद्यक, वनस्पतिशास्त्र आणि प्रादेशिक इतिहास ही शास्त्रे आपण वेगवेगळ्या कपाटांत ठेवतो. मग ‘हॉर्टुस मलाबारिकुस’ हा ग्रंथ कोणत्या कपाटात ठेवावा? मलबारचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रेडे याने तो सिद्ध करविला. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे त्याचे १२ लॅटिन खंड निघाले. त्यात ७०० हून अधिक वनस्पतींची वर्णने आहेत. १७५३ साली लिनिअसनेही त्यांचा आधार घेतला.

या वर्णनांमागील ज्ञान मात्र इट्टी अच्युतन या मलयाळी वैद्याचे, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट यांचे. हे तिघे गोव्यातून कोचीला गेलेल्या कोकणी समाजातील. १६७५ सालचे त्यांचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात कोरून छापले आहे. त्याची भाषा कोकणी आहे. मी जन्मभर मराठी शिकविली. तरीही केवळ लिपी एक म्हणून ते मराठीच्या खात्यावर मांडणे मला मान्य नाही. संशोधकाने पुराव्यामागून जावे, त्याला ओढत नेऊ नये.

पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी त्या वनस्पती केरळात पुन्हा शोधल्या आणि २००३ साली ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले. मूळ साक्षीदारांची नावे ग्रंथात होती, म्हणूनच त्यांचे ऋण आज मोजता येते.

आपल्याही गावात वैद्यांच्या जुन्या वह्या माळ्यावर असतील. शाळेने त्या जमवाव्यात; आणि प्रत्येक औषधापुढे सांगणाऱ्याचे नाव अवश्य लिहावे.