गिटारीच्या खुंटीला कुलूप



मैफलीला आरंभ होण्यापूर्वीं तंबोरे जुळविण्याचें काम चालतें, तें आपण सर्वांनीं ऐकलें आहे. खुंटी पिळतात, मणी खालींवर सरकवितात, आणि खुंटी फारच फिरूं लागली तर तिला खडू लावून पुन्हां बसवितात. लांकडी खुंटी लांकडाच्या भोंकांत केवळ घर्षणानें टिकते. पावसाळी हवेंत तिचा स्वभाव पालटतो, आणि तो ओळखणें हा गवयाच्या शिक्षणाचाच एक भाग होय. आज ज्या वाद्याविषयीं मला बोलावयाचें आहे, त्या विजेच्या गिटारीला लांकडी खुंट्या नाहींत आणि खडूहि लागत नाहीं. तरीहि तिचा सूर जागेवर ठेवण्यासाठीं तिच्या कारागिरांना अर्धशतकाहून अधिक काळ खटपट करावी लागली.

हा विषय माझ्या घरांत शिरला तो सोळा वर्षांच्या भाच्यामुळें. त्याच्या गिटारीला सूर डोलविण्याचा एक दांडा आहे. दांडा दाबला कीं साऱ्या तारा ढिल्या पडून सूर खालीं उतरतो, आणि सोडला कीं तो मूळ जागीं यावा अशी अपेक्षा असते. त्याच्या गिटारीवर तो येत नसे. शिकविणाऱ्या गृहस्थांनीं दोन महिने हें सोसलें आणि एके दिवशीं सांगून टाकलें, "तुला कानच नाहीं." मुलानें घरीं येऊन गिटार पेटींत घातली ती आठ दिवस उघडली नाहीं. मग कोणा मित्रानें त्याला धीर दिला कीं दोष कानाचा नव्हे, खुंट्यांचा आहे. कुलुपाच्या खुंट्या, म्हणजे लॉकिंग ट्यूनर, बसव. मामा या नात्यानें खर्च माझ्याकडे आला. खुंट्या बसल्या, चकचकूं लागल्या, आणि गिटार पूर्वींइतकीच बेसूर राहिली. असें कां व्हावें, याचा उलगडा करण्यासाठीं मला या खुंटीचा इतिहास चाळावा लागला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत व्हिएन्ना शहरीं योहान गेओर्ग स्टाउफर नांवाचा नामांकित गिटारकार होता. सहाहि खुंट्या शिराच्या एकाच बाजूस ओळीनें बसविण्याची, आणि त्यांना धातूचें दातेरी यंत्र जोडण्याची त्याची ठेवण प्रसिद्ध आहे. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन १८३३ सालीं जर्मनींतून अमेरिकेस गेला, तेव्हां ही ठेवण त्याच्याबरोबर गेली. या यंत्रांत एक लहान मळसूत्र दातेरी चाकाला फिरवितें. चावी साधारणपणें बारा ते अठरा वेळां फिरवावी तेव्हां तार गुंडाळणारा खांब एकदां फिरतो. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी: मळसूत्र चाकाला फिरवूं शकतें, पण चाकाला मळसूत्र फिरवितां येत नाहीं. तार कितीहि जोरानें ओढो, खुंटी मागें हटत नाहीं. म्हणजे खुंटीला कुलूप आधींपासूनच होतें. मग कुलुपाची म्हणून जी नवी खुंटी निघाली, तिनें कुलूप लावलें तरी कशाला?

त्याचें उत्तर विजेच्या गिटारींत आहे. लोहचुंबकाच्या साहाय्यानें तारेचें कंपन विजेंत उतरविणारी गिटार जॉर्ज बोशां आणि अॅडॉल्फ रिकनबॅकर यांनीं अमेरिकेंत १९३२ च्या सुमारास विक्रीस आणली. सूर डोलविणारा दांडा डॉक कॉफमन नांवाच्या खटपट्या गृहस्थानें त्याच काळांत तयार केला होता. हा कॉफमन पुढें ज्याचा भागीदार झाला तो लिओ फेंडर कॅलिफोर्नियांतील फुलर्टन गांवीं रेडिओ दुरुस्त करीत असे. आपण हें भाषण ज्या यंत्रावर ऐकत आहां, त्याच्याच दुरुस्तींतून हा मनुष्य पुढें आला, आणि स्वतःला गिटार वाजवितां येत नसतां त्यानें गिटारीचें रूप पालटून टाकलें!

१९५४ सालीं फेंडरची स्ट्रॅटोकास्टर निघाली. तिच्या घोडीखालीं धातूचा एक ठोकळा असून त्याला गिटारीच्या पाठीमागून पोलादी स्प्रिंगा ओढून धरतात. एका बाजूनें तारांचा ताण, दुसऱ्या बाजूनें स्प्रिंगांचा. दांडा हा तोल क्षणभर मोडतो. या युक्तीचें पेटंट त्याला १९५६ सालीं मिळालें. युक्तीला त्यानें ट्रेमोलो हें नांव दिलें. तें चुकीचें आहे, कारण त्या शब्दाचा अर्थ आवाज लहानमोठा होणें असा आहे आणि येथें हालतो तो सूर. पण बाजारांत तेंच नांव रूढ झालें.

आतां तार कशी वागते तें पाहूं. तारेचें टोंक खुंटीच्या खांबांतून ओवून दोनतीन वेढे देतात. दांडा दाबून ताण नाहींसा केला कीं हे वेढे सैल होतात, आणि ताण परत आला म्हणजे ते पूर्वीं जसे बसले होते तसेच बसतील याची शाश्वती नसते. दुसरी जागा म्हणजे खुंट्यांच्या अलीकडची हाडाची पट्टी. तिला नट म्हणतात. तिच्या खांचेंतून तार पुढेंमागें सरकते आणि कधींकधीं तेथेंच अडकते. खुंटीचें यंत्र निर्दोष, कानहि निर्दोष, आणि सूर मात्र बिघडलेला! जिमी हेन्ड्रिक्सनें १९६७ ते १९७० या अवघ्या तीनचार वर्षांत या दांड्याकडून जें काम करवून घेतलें तें फेंडरच्या कल्पनेंतहि नसावें. त्याच्या जाहीर कार्यक्रमांचीं ध्वनिमुद्रणें ऐकावीं; दोन गाण्यांच्या मध्यें तो तारा जुळवीत असल्याचें स्पष्ट ऐकूं येतें.

फ्लॉइड रोझ हा वादक दागिने घडविण्याच्या कामांत मुरलेला होता. १९७० नंतरच्या दशकांत त्यानें नटच्या जागीं पितळेची पट्टी बसवून तारा तेथेंच चापांनीं आवळून टाकल्या. १९७९ सालीं त्याला पेटंट मिळालें. सूर टिकला, यांत संशय नाहीं. पण तारा आवळल्यावर खुंट्या निरुपयोगी झाल्या, बारीक जुळवणीसाठीं घोडीवर निराळे स्क्रू आणावे लागले, आणि तार बदलावयाची तर हत्यारांची पिशवी जवळ हवी. माझ्या मतें रोगापेक्षां उपाय कडक झाला.

ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड येथील रॉबर्ट स्पर्झेल यानें सौम्य मार्ग काढला. त्याच्या खुंटीचा खांब पोकळ आहे. मागची चकती फिरविली कीं आंतून एक कांटा वर सरकतो आणि तारेला भोंकांतच दाबून धरतो. वेढ्यांची गरजच उरत नाहीं; अर्धा फेरा पुरतो. वेढेच नाहींत, मग ते सैल कसले होणार? पॉल रीड स्मिथ यानेंहि १९८५ च्या आपल्या गिटारींना तार पकडणाऱ्या खुंट्या लावल्या, आणि १९८७ सालीं खुद्द फेंडरच्या कंपनीनें स्ट्रॅट प्लस या गिटारीवर स्पर्झेलच्या खुंट्या बसविल्या. त्याबरोबर तिनें नटच्या जागीं लहान रुळांची पट्टीहि घातली, याकडे लक्ष द्यावें. केवळ खुंट्या बदलून भागणार नाहीं, हें त्या लोकांना ठाऊक होतें. माझ्या भाच्याला आणि मला नव्हतें.

शेवटीं आम्ही गिरगांवांतील एका वृद्ध कारागिराकडे गेलों. त्यानें खुंट्यांकडे पाहिलेंहि नाहीं. दांडा दाबून सोडला, आणि सूर दाखविणाऱ्या यंत्राचा कांटा आम्हांला दाखविला. तिसरी तार मूळ सुरापेक्षां चढली होती. "घसरलेली तार कधीं चढते कां?" त्यानें विचारलें. तार ढिली पडतांना थोडी खुंटीकडे सरकली होती, आणि परत येतांना नटच्या खांचेंत अडकली होती. भाच्यानें मध्यंतरीं जाड तारा चढविल्या होत्या, आणि खांचा पूर्वींच्या बारीक तारांच्या मापाच्या होत्या. म्हाताऱ्यानें बारीक कानशीनें खांचा रुंदावल्या, त्यांत पेन्सिलीचें शिसें घांसलें, आणि किरकोळ मजुरी घेतली.

ज्यांना या खुंट्या घ्यावयाच्या असतील त्यांनीं आधीं ही परीक्षा करावी. दांडा दाबून सोडल्यावर सूर चढत असेल तर प्रथम नट पाहावा. उतरत असेल तर वेढ्यांवर संशय घ्यावा, आणि तेथें कुलुपाची खुंटी खरी उपयोगी पडते. दांडा नसलेल्या गिटारीला तिचा लाभ मुख्यतः तार झटपट बदलण्यापुरता आहे. फेंडरच्या ठेवणीचें शीर मागें कललेलें नसतें. त्यासाठीं चढत्याउतरत्या उंचीच्या खांबांचा संच घ्यावा, म्हणजे तारांना खालीं दाबणाऱ्या आंकड्यांचें आणखी एक घर्षण टळतें. भोंकाचा व्यास अवश्य मोजावा, नाहीं तर चांगलें लांकूड कोरावें लागेल.

भाच्याच्या नव्या खुंट्या तशाच आहेत; जुन्या सहा बिस्किटांच्या डब्यांत पडल्या आहेत. पुढच्या तासाला शिकविणाऱ्या गृहस्थांनीं वाजविणें थांबवून दोनदां त्याच्याकडे पाहिलें. काय बदललें तें त्यांनीं विचारलें नाहीं, आणि त्यानेंहि सांगितलें नाहीं.